मुतारी कुणाची? गिरगाव ते लालबाग, एका साध्या गरजेचा इतिहास

तुमच्यापैकी निम्मे जण हा भाग लोकलमध्ये उभ्या उभ्या ऐकत असणार, आणि ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. दादर स्टेशनबाहेर एक मुलगा आणि एक मुलगी उभे आहेत. दोघांनाही लघवीला लागलीय. दोघं एकाच ‘सुलभ’मध्ये जातात. मुलगा मुतारीत जातो आणि बाहेर येतो. पैसे नाहीत. मुलगी आत जाते तर टेबलामागे बसलेला माणूस म्हणतो, पैसे द्या. का? तर बायकांच्या बाजूला मुतारीच नाही. तिला संडासाच्या खोलीतच जावं लागतं, आणि संडासाला पैसे पडतात. दोघांची गरज एकच, पण बिल फक्त तिला.

आता कुणी म्हणेल, दोन-पाच रुपयांचा काय एवढा इश्यू? पण स्टेशनबाहेर दिवसभर भाजी विकणाऱ्या बाईचा हिशोब करून बघा. दिवसातून चार वेळा, महिन्याचे तीस दिवस. म्हणून मग ती काय करते? पाणी कमी पिते. मुंबईच्या मे महिन्यात पाणी कमी पिते. आणि त्यातून लघवीची जळजळ, इन्फेक्शन, मुतखडा हे सगळं मागे लागतं.

हा फरक आला कुठून? कुणी मुद्दाम बसून ‘बायकांना त्रास देऊया’ असं ठरवलं होतं का? नाही. मी याबद्दल वाचत गेले तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, आणि आजचा सगळा भाग त्याच गोष्टीवर आहे. मुंबईत संडास कायम कुणाच्या तरी नावावर असतो. घराच्या नावावर, चाळीच्या नावावर, गिरणीच्या नावावर, आता मॉलच्या नावावर. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या नावावर तो क्वचितच होता. आणि त्या रस्त्यावरच्या बाईच्या नावावर तर जवळजवळ नव्हताच.

अजून एक, शब्दांबद्दल. आपण हल्ली ‘वॉशरूम’ म्हणतो, आपल्या आज्या ‘परसाकडे’ म्हणायच्या, चाळीत ‘संडास’ म्हणतात आणि पालिका ‘प्रसाधनगृह’ लिहिते. मी आज सरळ संडास आणि मुतारी म्हणणार आहे. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला लाज वाटते, तिच्यासाठी भांडायलाही लाज वाटते.

घरगल्ली

गिरगावात, लालबागमध्ये किंवा परळला जुन्या दोन इमारतींच्या मध्ये एक अरुंद बोळ दिसते बघा. पाईप, ओल, उंदीर, वरून पडलेला कचरा. तिला घरगल्ली म्हणतात. ही वाया गेलेली जागा आहे असं आपल्याला वाटतं. पण ती मुद्दाम सोडलेली आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत फ्लश नव्हता. टोपलीचे संडास होते. वर बसायची जागा आणि खाली टोपली. ती टोपली रोज कुणीतरी येऊन उचलायची, डोक्यावरून न्यायची आणि गाडीत रिकामी करायची. हे काम ज्यांना करावं लागे त्यांना समाज अस्पृश्य मानत होता. त्यांनी पुढच्या दारातून यायचं नाही. म्हणून मागून बोळ. घरगल्लीच्या रुंदीत जात मोजलेली आहे.

या सफाई कामगारांसाठी पालिकेच्या कागदांवर शब्द होता ‘हलालखोर’. आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात, हो, तोच कायदा जो आजही अनेक दुरुस्त्यांसह लागू आहे, त्यात मालमत्तेवरच्या करांमध्ये पाणीपट्टीसोबत ‘हलालखोर कर’ नावाचा कर होता. लक्ष द्या, मालमत्तेवरचा कर. म्हणजे ज्याच्याकडे इमारत त्याने कर भरायचा, आणि त्याच्या इमारतीतला मैला पालिका उचलणार.

यात चूक काहीच नाही. पण यातून एक विचार पक्का झाला, की मैला हा इमारतीचा असतो. माणूस घराबाहेर पडला की त्याचं पोटही त्याच्याबरोबर बाहेर पडतं, हे त्या हिशोबात बसत नाही.

गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या ६१व्या कलमात पालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. त्यात गटारांच्या जोडीने सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या बांधणं आणि साफ ठेवणं हेही आहे. पालिकेची मर्जी असेल तर करायचं काम नव्हे, करायलाच हवं असं काम. १८८८ पासून! मात्र किती, कुठे आणि कुणासाठी, हे त्या वाक्यात नाही. पुढची सव्वाशे वर्षं सगळं भांडण या न लिहिलेल्या तीन शब्दांचं आहे.

भीती वाटली तेव्हा बांधलं

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लोक शहर सोडून पळायला लागले. गिरण्यांना कामगार मिळेनात, आणि आता सरकार घाबरलं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची आणि गरिबांसाठी हवेशीर चाळी बांधायच्या, असा त्याचा कार्यक्रम. आज आपण ज्यांना बीआयटी चाळी म्हणतो त्या याच ट्रस्टच्या. आग्रीपाडा, चंदनवाडी, परळ अशा भागांत त्या उभ्या राहिल्या.

परळच्या बीआयटी चाळ नंबर १ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहायचे. दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, १९१२ पासून १९३४ पर्यंत. म्हणजे ज्या काळात महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्या काळात त्यांचा पत्ता हा होता. ज्या माणसाने सार्वजनिक पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे अख्ख्या देशाला सांगितलं, तो रोज सकाळी चाळीतल्या सामाईक नळाच्या आणि सामाईक संडासाच्या जगात उठत होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ तिथे रोज कळायचा.

मग १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं, त्याच्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, आणि शिवडी. एकूण २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या आणि एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर, सामाईक.

चाळीत वाढलेल्यांना ती सकाळ सांगायला नको. हातात टमरेल, खांद्यावर टॉवेल आणि आतून कडी लावलेल्या माणसाला बाहेरून हाका. सिनेमात आणि नाटकात यावर आपण पोटभर हसलोय. पण त्या रांगेत बायकांची वेळ कोणती होती? बहुतेक घरांत, सगळ्यांच्या आधी. पहाटे, अंधारात, पुरुष उठायच्या आत. किंवा सगळे कामाला गेल्यावर. चाळीच्या विनोदात ही वेळ कधी येत नाही.

त्याच काळात दादर-माटुंग्याला एक वेगळीच गोष्ट घडत होती. ट्रस्टच्या योजनांमधून तिथे नवे प्लॉट पडले आणि त्यांवर तीन-चार मजली इमारती आल्या. मध्यमवर्गीय माणूस तिथे राहायला गेला तो ‘ब्लॉक’मध्ये. आजही जुनी माणसं फ्लॅटला ब्लॉक म्हणतात ना? ब्लॉकची खासियत काय? संडास घराच्या आत. निखिल राव नावाच्या इतिहासकारांनी मुंबईच्या या उपनगरांवर २०१३ मध्ये पुस्तक लिहिलंय, त्यात त्यांनी या आतल्या संडासाकडे नीट पाहिलंय. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून संडास, हे सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या घरांना पचायला सोपं नव्हतं. फ्लश आला, मैला उचलायला माणूस घरापर्यंत यायची गरज संपली, तेव्हा ते पचलं.

म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्र असं झालं. ज्याच्याकडे पैसा, त्याचा संडास घरात. ज्याच्याकडे कमी, त्याचा संडास मजल्यावर. आणि दोघंही रस्त्यावर आले की? पुरुषासाठी कोपऱ्यावर मुतारी. ती तरी त्याच्या सोयीसाठी होती का, याची मला शंका आहे. भिंती खराब होतात म्हणून मुतारी बांधायची, हा त्यामागचा मोठा विचार. बायका भिंती खराब करत नव्हत्या. त्या धरून ठेवत होत्या. म्हणून त्यांची गरज कुणाला दिसलीच नाही.

गिरणीच्या गेटच्या आत

आता लालबाग-परळला येऊ. गिरणगावाच्या गोष्टीत आपल्याला नेहमी पुरुष कामगार दिसतो. पण १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचातला एक कामगार ही बाई होती. वाइंडिंग, रीलिंग अशा खात्यांत. पुढे हे प्रमाण घसरत गेलं.

१९४८ चा कारखाने कायदा आला, त्याचं १९वं कलम शौचालयांबद्दल होतं. त्यात म्हटलं होतं की पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगळी, बंदिस्त शौचालयं आणि मुताऱ्या हव्यात, आणि कामगार कारखान्यात असेल तोवर केव्हाही त्या वापरता आल्या पाहिजेत. प्रत्यक्षात त्या किती स्वच्छ असायच्या हा वेगळा विषय. पण कागदावर हक्क होता, आणि तो मागायला युनियन होती.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संपाचा शेवट असा कधी झालाच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. संसार चालवायला बायका बाहेर पडल्या. कुणी धुणीभांडी, कुणी पोळीभाजी केंद्र, कुणी स्टेशनबाहेर भाजीची पाटी. खानावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका तर आधीपासून होत्याच. त्यांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं.

आपल्या विषयाच्या नजरेतून या बदलाकडे बघा. काम गेटच्या आतून रस्त्यावर आलं. आणि कारखाने कायदा गेटच्या आतच राहिला. फुटपाथवर टोपली घेऊन बसलेल्या बाईला मालक नाही, म्हणून तिच्यासाठी मुतारी बांधायची जबाबदारी कुणाचीच नाही.

आणि त्या गिरण्यांच्या जागी काय आलं? मॉल, ऑफिसं, रेस्टॉरंट. लोअर परळच्या फिनिक्स मिलचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. तिथे चकाचक टॉयलेट आहेत आणि फुकट आहेत. पण दारात सिक्युरिटी आहे, आणि पाटीवाल्या बाईला त्या दारातून आत जावंसं वाटत नाही. तुमच्यापैकी जे डिलिव्हरीचं काम करतात त्यांना हे मी काय सांगू? जेवणाचं पार्सल घ्यायला आत चालतं, टॉयलेटला गेलं की ‘फक्त कस्टमरसाठी’.

लंडनचा नमुना आणि शिकागोचा कायदा

हे फक्त आपल्याकडेच आहे असं वाटत असेल तर थोडं बाहेर फिरून येऊ.

१९०० साल, लंडन. सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारात एक सभासद होते जॉर्ज बर्नार्ड शॉ. हो, तेच नाटककार. कॅम्डनमध्ये बायकांसाठी सार्वजनिक शौचालय बांधावं असा प्रस्ताव आला. आजूबाजूच्या लोकांनी विरोध केला. जागेची किंमत पडेल, असली गोष्ट आमच्या दारासमोर नको. त्या जागी चाचणी म्हणून एक लाकडी नमुना उभा केला, तर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या त्यावर मुद्दाम आदळायला लागल्या, रस्त्यात अडचण होते हे सिद्ध करायला! शॉ यांनी पुढे १९०९ मध्ये यावर लेख लिहिला आणि त्यात हा विषय थेट बायकांच्या मताधिकाराशी जोडला. ज्या सभेत बायका नाहीत, तिथे बायकांची मुतारी हा चेष्टेचा विषय होतो.

आता अमेरिका. तिथे शौचालयाच्या दाराला नाणं टाकायचं कुलूप असायचं. पुरुषांची मुतारी उघडी, फुकट. बायकांना मात्र प्रत्येक वेळी नाणं. ओळखीचं वाटतंय ना? १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आमदार मार्च फाँग यू यांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर घणाने एक कमोड फोडलं. १९७० मध्ये काही तरुण पोरांनी ‘अमेरिकेतली पैसेवाली शौचालयं बंद करा’ अशा नावाची समिती काढली. सुरुवातीला लोक हसले. १९७३ मध्ये शिकागो शहराने नाण्याच्या कुलपांवर बंदी आणली, १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला.

पण पुढचंही ऐका. कुलपं गेली, आणि बऱ्याच ठिकाणी त्याबरोबर शौचालयंही गेली. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर कुणी ती चालवायलाच तयार होईना. फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. खर्च शहराने उचलला तरच ‘फुकट’ला अर्थ असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

राइट टू पी

२०११ मध्ये मुंबईतल्या काही संस्था एकत्र आल्या. त्यांत चेंबूरची कोरो ही संस्था पुढे होती. मोहिमेला नाव दिलं ‘राइट टू पी’. मुतण्याचा हक्क. नाव ऐकून लोक हसले, पत्रकारही हसले, आणि पालिकेच्या बैठकीत तर विषय काढायलाही जीभ अडखळायची. सुप्रिया सोनार, मुमताज शेख अशा कार्यकर्त्यांनी स्टेशनांबाहेर, नाक्यांवर उभं राहून सह्या गोळा केल्या. पन्नास हजारांहून जास्त.

त्यांनी आकडे मागितले. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ मध्ये या मोहिमेवर बातमी केली, त्यात हे आकडे आले. मुंबईत पुरुषांसाठी ५,९९३ सार्वजनिक शौचालयं आणि बायकांसाठी ३,५३६. शिवाय पुरुषांसाठी वेगळ्या २,४६६ मुताऱ्या. बायकांसाठी मुतारी हा रकानाच रिकामा.

मागण्या काय होत्या? लघवीला पैसे घेऊ नका. दाराला आतून कडी असू दे. दिवा असू दे, पाणी असू दे. पॅड टाकायला डबा असू दे. रात्री कुलूप लावू नका. मंडळी, यादी पुन्हा वाचा. यात चैनीची एक तरी गोष्ट आहे का?

त्याच वर्षी, २०११ मध्ये, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर’ हे पुस्तक आलं. त्यांचा मुद्दा असा, की शहरात बाई नेहमी कामासाठी बाहेर पडते असंच धरलं जातं. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. उगाच भटकायला, कट्ट्यावर बसायला ती आलीय हे शहराला मान्यच नाही. मग तिला मुतारी कशाला? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्या पोरींना विचारा, संध्याकाळ किती वाजता संपते? पुष्कळदा घड्याळावर नाही, पोटावर संपते. हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये ‘शिवाजी पार्क’ नाव झालं ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने. नाव बाईने दिलेलं मैदान आहे, एवढं तरी आठवायला हरकत नाही.

२०१५ मध्ये मुमताज शेख यांचं नाव बीबीसीच्या जगभरातल्या शंभर महिलांच्या यादीत आलं. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल आला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने जनहित याचिका केली होती. हो, मासिकाने! न्यायालयाने म्हटलं की बायकांसाठी स्वच्छ शौचालय हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या, सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि राज्यातल्या महापालिकांना त्याप्रमाणे कामाला लागायचे आदेश दिले. १८८८ च्या कायद्यातलं ‘कुणासाठी’ हे रिकामं राहिलेलं उत्तर कागदावर आलं ते असं.

मग आज काय आहे?

प्रजा फाउंडेशनच्या २०२४ च्या अहवालात आकडा आहे. मुंबईत ७५२ पुरुषांमागे सार्वजनिक शौचालयातलं एक सीट, आणि १,८२० बायकांमागे एक. स्वच्छ भारत अभियानाचा निकष बायकांसाठी शंभर ते दोनशेंमागे एक असा आहे.

शहराला जमत नाही असं नाही हं. २०१८ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुमारे ९० लाखांचं शौचालय झालं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात तेव्हा शिवाजी पार्कवर फिरती शौचालयं रांगेने उभी राहतात. जमतं. पण प्लेग आला, सोहळा आला, परदेशी पाहुणे आले की जमतं. एरवीच्या मंगळवारी, दुपारी दोन वाजता, फुलबाजारात बसलेल्या बाईसाठी जमत नाही.

आणि एक गोष्ट जी मला अलीकडे फार दिसते. चाळी जातायत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. तीन-तीन पिढ्या सामाईक संडासाच्या रांगेत काढल्यावर स्वतःच्या घरात, स्वतःच्या दाराला कडी लावता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याने रांग लावलीय त्यालाच कळेल. त्या आनंदाला नावं ठेवायची नाहीत.

पण गिरगावात एक छोटी सोय होती जी कुठल्याच नकाशात नव्हती. चाळीचं दार उघडं असायचं. खाली भाजी, मासळी, गजरे विकणारी बाई ओळखीच्या जोरावर मजल्यावरचा संडास वापरायची. ‘वहिनी, जरा जाऊन येऊ का?’ एवढंच. आता त्या जागी टॉवर आला. गेट आलं, वॉचमन आला, कॅमेरा आला. संडास घराच्या आत गेला आणि खालच्या बाईची सोय गेली. कुणाचा दोष नाही, पण ती गेली. आणि पुनर्विकासाच्या कुठल्याही करारात त्या बाईची सही नसते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. टेबलामागे पैसे घेणारा तो माणूस व्हिलन नाही. पुष्कळदा तो बाहेरगावाहून आलेला असतो आणि तिथेच, त्या शौचालयाच्या वरच्या खोलीत राहतो. पाण्याचं, विजेचं, सफाईचं बिल त्या गोळा झालेल्या नाण्यांतूनच निघायचं असतं, असा करार असतो. म्हणून त्याच्याशी भांडून काही होत नाही. करार कुणी केला, त्याच्याशी बोलायला हवं. अमेरिकेची गोष्ट आठवतेय ना? फुकट हवं असेल तर खर्च पालिकेच्या बजेटमध्ये हवा. आणि तो खर्च वाचवण्यासाठी सफाई कामगाराला बिनहातमोज्याचं, कंत्राटावर, कमी पगारात राबवणार असू, तर आपण घरगल्ली परत बांधतोय. फक्त ती दिसणार नाही.

मग तुम्ही-आम्ही काय करायचं? मला मोठी भाषणं जमत नाहीत, तीन साध्या गोष्टी सांगते. एक, लघवीसाठी पैसे मागितले तर दराची पाटी कुठेय ते विचारा, नसेल तर फोटो काढून पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला तक्रार टाका. गिरगावचं डी वॉर्ड, लालबाग-परळचं एफ दक्षिण आणि दादरचं बरंचसं जी उत्तर. दोन, तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय का? मीटिंगमध्ये विचारा, खाली रस्त्याच्या बाजूने एक शौचालय का नाही? घरकाम करणाऱ्या मावशी, वॉचमन, कुरिअरवाला कुठे जाणार? तीन, तुमच्या गल्लीत शौचालय बांधायचं ठरलं तर ‘आमच्या दारासमोर नको’ म्हणणाऱ्यांत तुम्ही असू नका. शॉच्या काळात ज्यांनी तो लाकडी नमुना धडकून पाडायला बघितलं, ती चांगल्या घरची, सभ्य माणसंच होती.

शेवटचं सांगते. १८८८ मध्ये मैला इमारतीचा होता. १९४८ मध्ये हक्क कामगाराचा झाला, पण गेटच्या आत. २०१५ मध्ये न्यायालयाने तो चालत्याबोलत्या बाईचा केला. आता फक्त तो न्यायालयाच्या कागदावरून दादरच्या फुटपाथवर यायचाय. अंतर फार नाही. फोर्टपासून दादर, आपल्या लोकलने वीस-पंचवीस मिनिटं.

तुमच्या स्टेशनबाहेर बायकांसाठी मुतारी आहे का, रात्री उघडी असते का, आतून कडी लागते का, हे या आठवड्यात एकदा बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. मुलांनो, तुम्हीही. मैत्रिणीला, आईला विचारून पाठवा. बहुतेकांनी आजवर त्यांना हा प्रश्न कधी विचारलेलाच नसेल.

भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा!